खुल्या वैकल्पिक विषयांचे वेळापत्रक कसे आखावे: नव्या समन्वयकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

महाविद्यालयाच्या वेळापत्रक समितीचे काम ज्यांच्याकडे प्रथमच आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. महाराष्ट्रातील संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. स्वायत्त महाविद्यालयांत तो त्याआधी एक वर्ष सुरू झाला होता. या रचनेत मुख्य विषयाबरोबर खुले वैकल्पिक विषय, म्हणजे आपण सगळे ज्यांना ‘ओई’ म्हणतो ते, आणि त्यांच्या जोडीला भाषेचा एईसी, मूल्यशिक्षणाचा व्हीईसी, भारतीय ज्ञानप्रणालीचा आयकेएस आणि सहअभ्यासक्रमाचा सीसी असे सर्वांसाठीचे घटक आले. पूर्वी कला, वाणिज्य आणि विज्ञान या तीन शाखांची तीन वेळापत्रके एकमेकांकडे न पाहता तयार होत असत. आता वाणिज्यचा विद्यार्थी इतिहासाच्या वर्गात आणि इतिहासाचा विद्यार्थी संगणकाच्या वर्गात बसणार असल्यामुळे ती तिन्ही वेळापत्रके एकमेकांत गुंतली आहेत.

एखाद्या ओई विषयाला विद्यार्थी मिळाले नाहीत की विभागात पहिली प्रतिक्रिया येते ती ‘मुलांना आवड नाही’ अशी. वेळापत्रक समितीत काम केल्यानंतर माझे मत वेगळे झाले आहे. बहुतेक वेळा विद्यार्थी विषय नाकारत नाही, तो वेळ नाकारतो. दुपारी साडेतीनला ठेवलेला उत्तम विषय रिकामा राहतो आणि सकाळी अकराचा सामान्य विषय भरून जातो. म्हणून ओईची पटसंख्या वाढवायची असेल तर जाहिरातीचे फलक रंगवण्याआधी वेळापत्रकाची मांडणी बदलावी लागते, आणि ती विभागांची वेळापत्रके तयार होण्यापूर्वी करावी लागते.

लागणारी कागदपत्रे आणि साधने

कामाला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फाइलमध्ये एकत्र कराव्यात. यांतील एखादी जरी अपुरी असली तरी मधेच काम अडते.

- उच्च शिक्षण विभागाचा २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय आणि त्यानंतरच्या सुधारणा.
- आपल्या विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला सत्रनिहाय श्रेयांक (क्रेडिट) आराखडा, ओई विषयांची मान्य यादी आणि शैक्षणिक दिनदर्शिका.
- गेल्या वर्षीची शाखानिहाय व तुकडीनिहाय प्रवेशसंख्या. ही कार्यालयातील प्रवेश नोंदवहीतून घ्यावी. विभागांच्या तोंडी अंदाजावर विसंबू नये.
- वर्गखोल्यांची यादी, प्रत्येक खोलीतील बाकांची प्रत्यक्ष मोजलेली संख्या आणि प्रोजेक्टर चालू आहे की नाही याची नोंद.
- प्रत्येक अध्यापकाचे कार्यभार विवरण, तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या उपलब्ध वारांसह.
- विज्ञान विभागांच्या प्रात्यक्षिकांच्या तुकड्या व त्यांच्या वेळा.
- एसटीच्या किंवा लोकलच्या वेळा. ही बाब कोणत्याही परिपत्रकात नसते, तरीही ती लागतेच.

साधन म्हणून एक्सेल किंवा गूगल शीट पुरेसे आहे. तुकड्या आणि विषय फार असतील तर एफईटी हे विनामूल्य वेळापत्रक सॉफ्टवेअर वापरता येते. मात्र त्यात माहिती भरण्यापूर्वी खालचे पहिले तीन टप्पे हातानेच करावे लागतात, कारण सॉफ्टवेअरला आपण सांगितलेल्या अटी कळतात, न सांगितलेल्या कळत नाहीत.

१. श्रेयांकांचा आराखडा ओळ न ओळ वाचा

सत्राला साधारणपणे २० ते २२ श्रेयांक असतात आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. त्यांतील ओईचे श्रेयांक कोणत्या सत्रात किती, हे विद्यापीठागणिक बदलते. त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातील मित्राच्या महाविद्यालयाचे वेळापत्रक मागवून ते तसेच उतरवून घेऊ नये. व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास हा हिशेब लक्षात ठेवावा. म्हणजे दोन श्रेयांकांचा लेखी ओई असेल तर पंधरा आठवडे, आठवड्याला दोन तास. आणि त्यातील एक श्रेयांक प्रात्यक्षिकाचा असेल तर आठवड्याला तीन तास. अनेक ठिकाणी नावावरून विषय लेखी समजून दोनच तास दिले जातात आणि सत्र संपताना तास अपुरे पडतात.

यातील सर्वांत महत्त्वाची अट अशी, की ओई विषय विद्यार्थ्याच्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा असला पाहिजे. पुढचा सगळा हिशेब या एका अटीवर उभा राहतो. गौण विषय (मायनर) आणि ओई यांची गल्लत प्रवेशाच्या टेबलावर सतत होते. तेथे बसणाऱ्या सहकाऱ्यांना दोन्हींतील फरक एका पानावर लिहून द्यावा.

२. विद्यार्थी आवारात नेमका केव्हा असतो, ते शोधा

हा टप्पा कागदावर होत नाही. ज्या महाविद्यालयांत कनिष्ठ आणि वरिष्ठ विभाग एकाच इमारतीत भरतात तेथे सकाळी एका विभागाची आणि दुपारी दुसऱ्याची खोल्यांवर मालकी असते. अनेक ठिकाणी वाणिज्यचे वर्ग सकाळी सातला सुरू होऊन अकराच्या सुमारास संपतात, कलेचे साडेआठ-नऊला सुरू होतात, आणि विज्ञानाची व्याख्याने सकाळी तर प्रात्यक्षिके दुपारी असतात. वाणिज्यचा मुलगा अकरानंतर दुकानात, कुरिअरच्या कामावर किंवा सीएच्या क्लासला जातो. विज्ञानाची मुलगी दुपारी एक ते तीन प्रयोगशाळेत असते. कलेच्या वर्गातील अनेक विद्यार्थी खेड्यांतून एसटीने येतात, आणि त्यांची परतीची बस हीच त्यांच्या दिवसाची शेवटची घंटा असते.

प्रथम वर्षाच्या प्रत्येक तुकडीतील विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न विचारावेत: तुम्ही आवारात किती वाजता पोहोचता आणि किती वाजता निघावेच लागते. नव्या प्रवेशांची वाट पाहण्याची गरज नाही. यंदाच्या प्रथम वर्षाची उत्तरे पुढच्या वर्षाला पुरेशी लागू पडतात. कमवा आणि शिका योजनेत काम करणाऱ्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांची वेगळी नोंद ठेवावी, कारण त्यांच्या कामाच्या आणि जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात. ही उत्तरे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पट्टीवर मांडली की तिन्ही शाखांचे विद्यार्थी एकाच वेळी आवारात असतात असा एक चिंचोळा काळ समोर येतो. वर वर्णन केलेल्यासारख्या महाविद्यालयात तो सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान कुठेतरी सापडतो. ओईची जागा तेथेच आहे.

मात्र हाच काळ प्रत्येक विभागाला आपल्या मुख्य विषयासाठी हवा असतो. येथे समन्वयकाला ठाम राहावे लागते आणि प्राचार्यांचा लेखी पाठिंबा आधीच मिळवावा लागतो. मुख्य विषयाचा वर्ग एकाच तुकडीचा असल्यामुळे तो सकाळी आठला किंवा दुपारी बारालाही भरतो. तीन शाखांचा मिळून भरणारा वर्ग मात्र फक्त या सामाईक काळातच भरू शकतो. हा युक्तिवाद विभागप्रमुखांच्या बैठकीत आकड्यांसह मांडला तर तो सहसा मान्य होतो.

३. अडथळ्यांचा तक्ता तयार करा

एका शीटमध्ये उभ्या रकान्यांत प्रथम वर्षाच्या सर्व तुकड्या आणि आडव्या ओळींत आठवड्यातील सर्व तासिका घ्याव्यात. ज्या तासिकेला त्या तुकडीचा हलवता न येणारा कार्यक्रम आहे तेथे त्याचे नाव लिहावे. ‘बीएस्सी भाग एक, तुकडी ब, मंगळवार, ११ ते १, रसायनशास्त्र प्रात्यक्षिक’ अशी नोंद असली की कोणालाही दुसऱ्यांदा विचारावे लागत नाही. एनसीसीची कवायत, खेळाडूंचा सराव, ग्रंथालयाचा राखीव तास या सगळ्यांची नोंद याच तक्त्यात घ्यावी.

हलवता न येणारा आणि हलवायला नको वाटणारा यांत फरक आहे, आणि हा तक्ता भरताना तो फरक विचारूनच काढावा लागतो. प्रयोगशाळा एकच आहे आणि तुकड्या चार आहेत, हे खरे बंधन आहे. ‘आमच्याकडे प्रात्यक्षिक नेहमी मंगळवारीच असते’ ही सवय आहे. एका तुकडीचे प्रात्यक्षिक मंगळवारवरून शुक्रवारी गेल्याने विज्ञानाच्या वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना ओईचे सगळे पर्याय खुले होत असतील, तर तो बदल मागायलाच हवा.

४. एकाऐवजी दोन सामाईक पट्टे ठेवा

सर्व ओई विषय एकाच तासिकेला ठेवणे ही पहिल्यांदा सुचणारी कल्पना असते, आणि त्यात कोणाचीही टक्कर होत नाही हे खरे आहे. परंतु त्यासाठी त्या एका तासाला जितक्या खोल्या आणि जितके अध्यापक लागतात तितके फार थोड्या महाविद्यालयांकडे असतात. उदाहरणादाखल प्रथम वर्षात कला २४०, वाणिज्य २४० आणि विज्ञान १२० असे ६०० विद्यार्थी आहेत आणि एका वर्गात ६० विद्यार्थी बसतात असे धरू. एकच पट्टा, म्हणजे सर्व शाखांच्या ओईसाठी राखलेली एकच वेळ, ठेवला तर एकाच वेळी दहा खोल्या आणि दहा अध्यापक लागतील, आणि त्या तासाला द्वितीय व तृतीय वर्षाचे वर्ग जवळजवळ बंद ठेवावे लागतील. त्याऐवजी सोमवार-बुधवार ११ ते १२ हा पहिला पट्टा आणि मंगळवार-गुरुवार ११ ते १२ हा दुसरा पट्टा ठेवला, तर प्रत्येक वेळी पाचच खोल्या लागतात, आणि मंगळवारी प्रयोगशाळेत असलेली तुकडी सोमवारचा पट्टा घेऊ शकते.

दोन पट्टे ठेवताना दोन नियम पाळावेत. पहिला असा, की तिन्ही विद्याशाखांचे विषय दोन्ही पट्ट्यांत असले पाहिजेत. विज्ञानाचे सगळे ओई एका पट्ट्यात आणि कलेचे सगळे दुसऱ्या पट्ट्यात गेले, तर विद्यार्थ्यापुढे निवड उरत नाही. दुसरा असा, की ज्या विषयाला मागणी आहे आणि ज्याच्या दोन तुकड्या करायच्या आहेत, त्या दोन्ही तुकड्या एकाच पट्ट्यात कधीही ठेवू नयेत. एक इकडे आणि एक तिकडे ठेवली की त्याच अध्यापकाला दोन्ही घेता येतात आणि ज्यांना एक पट्टा जमत नाही त्यांच्यासाठी दुसरा खुला राहतो.

५. जागांचा हिशेब शाखानिहाय करा

एवढा एक टप्पा नीट झाला तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

वरच्याच उदाहरणात दहा वर्ग म्हणजे ६०० जागा आणि विद्यार्थीही ६००. आता समजा कलेच्या विभागांनी उत्साहाने सात वर्ग देऊ केले, वाणिज्यने दोन आणि विज्ञानाने एक. बेरीज बरोबर दहा भरते आणि यादी सूचनाफलकावर लागते. पण कलेच्या २४० विद्यार्थ्यांना कलेचा ओई घेता येत नाही. त्यांच्यासाठी वाणिज्यच्या १२० आणि विज्ञानाच्या ६० अशा फक्त १८० जागा आहेत. म्हणजे वाणिज्य आणि विज्ञानाच्या एकाही विद्यार्थ्याने या जागा घेतल्या नाहीत असे धरले तरी कलेच्या ६० विद्यार्थ्यांना बसायला वर्ग नाही, आणि त्याच वेळी कलेच्या सात वर्गांत किमान ६० जागा रिकाम्या आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की मुले विषय घेत नाहीत.

त्याऐवजी कलेचे चार, वाणिज्यचे चार आणि विज्ञानाचे दोन वर्ग ठेवून पाहू. कलेचे १८० विद्यार्थी वाणिज्यच्या विषयांकडे आणि ६० विज्ञानाकडे गेले, वाणिज्यचे १८० कलेकडे आणि ६० विज्ञानाकडे गेले, विज्ञानाचे ६० कलेकडे आणि ६० वाणिज्यकडे गेले, तर सगळे वर्ग भरतात आणि कोणीही बाहेर राहत नाही. प्रत्यक्षात आकडे इतके गोल येणार नाहीत. म्हणून एकूण मागणीपेक्षा एखादा वर्ग जास्त धरावा आणि प्रत्येक शाखेसाठी ‘तिच्या बाहेरच्या जागा’ हा रकाना वेगळा काढावा. तो आकडा त्या शाखेच्या विद्यार्थीसंख्येपेक्षा ठळकपणे मोठा असला पाहिजे. दोन्ही आकडे सारखे असतील तर विद्यार्थ्यांना जागा मिळेल, निवड मिळणार नाही.

अध्यापकांचा हिशेब याच्या शेजारीच मांडावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. मुख्य विषयाची पटसंख्या घटलेल्या विभागांना ओईच्या तासांतून कार्यभार टिकवायचा असतो, आणि ही चिंता अगदी खरी आहे. त्यामागे एखाद्या सहकाऱ्याची नोकरी असते. म्हणून समितीने ही गोष्ट टाळू नये, उघडपणे टेबलावर घ्यावी. मात्र उपाय म्हणून त्या विभागाला जास्त वर्ग देऊन विद्यार्थ्यांना त्यांत कोंबण्यापेक्षा, त्या विभागाच्या विषयाला सर्वांत सोयीची वेळ द्यावी. मराठी, तत्त्वज्ञान किंवा भूगोल यांसारख्या विभागांना अकराचा तास मिळाला तर त्यांना विद्यार्थी शोधत फिरावे लागत नाही.

६. आठवड्यात दोन तास कोठे बसवायचे ते ठरवा

दोन श्रेयांकांचा विषय दोन वेगळ्या दिवशी एकेक तास घ्यायचा की एकाच दिवशी सलग दोन तास, याचे एकच उत्तर नाही. छायाचित्रण, नाट्यवाचन, स्प्रेडशीटवरील काम अशा कृतिप्रधान विषयांना सलग दोन तास लाभतात आणि लांबून येणाऱ्यांनाही ते सोयीचे पडतात. पण पहिल्या सत्रात श्रावणापासून दसऱ्यापर्यंत सुट्ट्यांची रांग असते. सलग दोन तासांचा वर्ग ज्या वारी आहे त्याच वारी तीन सुट्ट्या आल्या, तर तीस तासांपैकी सहा तास गेले. शैक्षणिक दिनदर्शिका घेऊन प्रत्येक वारी प्रत्यक्ष किती दिवस मिळतात ते मोजावे आणि सर्वांत कमी दिवस मिळणाऱ्या वारी सलग वर्ग ठेवू नये. लेखी विषयांसाठी मी नेहमी दोन वेगळे दिवसच सुचवतो.

ओईच्या आधी आणि नंतर त्या तुकडीचा सक्तीचा तास असावा, हे सर्वांत परिणामकारक साधन आहे. मधे एक तास मोकळा राहिला की विद्यार्थी आवाराबाहेर पडतो, आणि बाहेर पडलेला विद्यार्थी एका तासासाठी क्वचितच परततो. दिवसाच्या अगदी शेवटी ठेवलेल्या ओईचेही तसेच होते; नोंदणी होते, हजेरी होत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या विषयाबद्दल वाईट बोलले जाते. शनिवारचा अर्धा दिवस आणि ग्रामीण भागात आठवडी बाजाराचा वार हेही टाळावेत. बाजाराच्या दिवशी घरच्या कामासाठी थांबणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या किती आहे हे हजेरीपत्रकावर वार लावून पाहिले की लगेच कळते.

एईसी आणि व्हीईसी हे सर्वांना घ्यावेच लागत असल्यामुळे तेथे पटसंख्येचा प्रश्न येत नाही. त्यांना सकाळचे पहिले किंवा दुपारचे तास देता येतात. एनएसएस, एनसीसी, क्रीडा हे सीसीमधील घटक त्यांच्या स्वतःच्या वेळेनुसार चालतात. एनएसएसचे सात दिवसांचे निवासी शिबिर कोणत्या आठवड्यात आहे ते मात्र विचारून घ्यावे, म्हणजे त्या आठवड्यात ओईची अंतर्गत चाचणी ठेवली जाणार नाही.

७. विषयांची यादी वेळेसह आणि वर्णनासह जाहीर करा

प्रवेश सुरू होण्यापूर्वी यादी तयार हवी, आणि त्या यादीत विषयाच्या नावाबरोबर वार, तास, खोली आणि कोणत्या शाखेच्या विद्यार्थ्यांना तो घेता येतो हे असायला हवे. ‘वेळ नंतर कळवण्यात येईल’ असे लिहिलेली यादी लावणे म्हणजे विद्यार्थ्याला डोळे झाकून निवड करायला लावणे आहे. नंतर वेळ कळली की तो बदल मागायला येतो आणि कार्यालयासमोर रांग लागते.

प्रत्येक विषयाचे पाच-सहा ओळींचे वर्णन अध्यापकाकडून मराठीत आणि इंग्रजीत लिहून घ्यावे. त्यात काय शिकवले जाईल, गुण कसे दिले जातील आणि आधीचे कोणते ज्ञान लागेल, एवढे असावे. विज्ञानाच्या ओईबद्दल कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या मनात पहिला प्रश्न असतो तो गणिताचा. ‘या विषयासाठी दहावीनंतरचे गणित लागत नाही’ हे एक वाक्य वर्णनात असले तर त्याची भीती बरीच कमी होते. विषयाचे नाव अभ्यास मंडळाने मान्य केलेलेच द्यावे लागते, ते आपण बदलू शकत नाही. वर्णन मात्र आपल्या हातात असते. ही यादी प्रवेशाच्या टेबलावर, सूचनाफलकावर आणि प्रवेशाच्या व्हॉट्सॲप गटावर एकाच दिवशी गेली पाहिजे.

८. पसंतीक्रम घ्या आणि जागा न्याय्य पद्धतीने वाटा

प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याकडून तीन पसंती घ्याव्यात आणि त्यांत दोन्ही पट्ट्यांतील किमान एकेक विषय असावा अशी अट ठेवावी. गूगल फॉर्म वापरला तरी कागदी नमुनाही ठेवावा. आपल्या शाखेचाच विषय निवडता येणार नाही अशी सोय फॉर्ममध्ये केली तर नंतरची दुरुस्ती वाचते. त्यासाठी शाखेप्रमाणे तीन वेगळे फॉर्म काढणे सर्वांत सोपे आहे.

‘प्रथम येईल त्यास प्राधान्य’ ही पद्धत सोपी असली तरी मी तिच्या विरोधात आहे. तिच्यात शहरातला, चांगले इंटरनेट असलेला विद्यार्थी पहिल्या तासात हवे ते घेतो, आणि दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात अडकलेल्या किंवा पुरवणी परीक्षेच्या निकालानंतर येणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेले मिळते. ठरावीक तारखेपर्यंत आलेले सर्व अर्ज समान मानून, जास्त मागणीच्या विषयांत शाखेनुसार सोडत काढावी किंवा बारावीच्या गुणांचा निकष लावावा, आणि कोणता निकष लावणार हे आधीच जाहीर करावे. प्रत्येक वर्गात काही जागा उशिरा येणाऱ्यांसाठी बाजूला ठेवाव्यात. किती ठेवायच्या ते गेल्या वर्षी यादी लागल्यानंतर किती प्रवेश झाले, या आकड्यावरून ठरते. तो आकडा प्रवेश नोंदवहीत तारखेसह असतोच.

वाटप झाल्यावर ज्यांना तिन्हींपैकी एकही पसंती मिळाली नाही त्यांची यादी काढून त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलावे. ही यादी सहसा लहान असते. त्यांतील काहींसाठी केंद्र सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम हा मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तेथून घेता येतात. परंतु अभ्यासक्रम विद्यापीठाने मान्य केलेला हवा, अंतिम परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिचा निकाल आपल्या सत्राच्या निकालाबरोबर येईलच असे नाही, हे विद्यार्थ्याला आधी सांगणे बंधनकारक समजावे.

९. पहिले दोन आठवडे वर्गांवर लक्ष ठेवा

सत्र सुरू झाल्यावर दररोज प्रत्येक ओई वर्गातील प्रत्यक्ष डोकी मोजून त्याच शीटमध्ये भरावीत. नोंदणी ६० आणि उपस्थिती २२ असेल तर त्याच आठवड्यात कारण शोधावे. खोली तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाला आहे, आधीच्या तासाचे सर दहा मिनिटे उशिरा सोडतात, विद्यार्थ्यांना खोली क्रमांकच माहीत नाही, अशी साधी कारणे निघतात आणि ती लगेच दूर होतात. हजेरीची अट ७५ टक्क्यांची असल्यामुळे पहिला महिना हातचा गेला तर विद्यार्थ्याला पुढे भरून काढणे अवघड जाते.

विषय बदलण्यासाठी एक ठरलेली शेवटची तारीख असावी आणि त्यानंतर कोणाच्याही शिफारशीने बदल करू नये. एखादा वर्ग अगदीच लहान राहिला तर तो बंद करण्याचा निर्णयही याच तारखेच्या आत घ्यावा. किमान संख्येबाबत विद्यापीठाचा नियम काय आहे ते पाहून प्राचार्यांच्या सहीने घ्यावा, आणि त्या विद्यार्थ्यांना त्याच पट्ट्यातील दुसऱ्या विषयात जागा द्यावी. पट्टा तोच राहिल्यामुळे त्यांचे बाकी वेळापत्रक बिघडत नाही. दोन पट्ट्यांच्या रचनेचा हा लाभ संकटाच्या वेळीच कळतो.

१०. नोंदी परीक्षा विभागाकडे वेळेत पोहोचवा

अंतिम यादी विषयाच्या सांकेतांकासह परीक्षा विभागाला द्यावी आणि पोहोच घ्यावी. परीक्षा अर्जात जुना ओई राहून गेला तर विद्यार्थ्याला न शिकलेल्या विषयाची परीक्षा समोर येते आणि श्रेयांक अडकतात. प्रत्येक विद्यार्थ्याचा १२ अंकी अपार क्रमांक, म्हणजे त्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक, तयार आहे का आणि त्यावरील नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, हे याच वेळी तपासावे. मधले नाव किंवा आडनावाचे स्पेलिंग वेगळे असले की श्रेयांक पेढीत श्रेयांक जमा होताना अडचण येते, आणि आधारवरील दुरुस्तीला वेळ लागतो.

लेखी परीक्षेच्या वेळापत्रकातही पट्ट्यांचा उपयोग होतो. पहिल्या पट्ट्यातील सर्व ओईंची परीक्षा एका वेळी आणि दुसऱ्या पट्ट्यातील सर्वांची दुसऱ्या वेळी ठेवली, तर कोणत्याही विद्यार्थ्याच्या दोन ओई परीक्षा एकाच वेळी येऊ शकत नाहीत.

दुसऱ्या सत्राचे काम दिवाळीच्या सुट्टीपूर्वी सुरू करावे. त्या वेळी पहिल्या सत्राच्या शीटमधून तीन रकाने उचलावेत: प्रत्येक विषयाला पहिली पसंती किती आली, प्रत्यक्ष नोंदणी किती झाली आणि सहाव्या आठवड्यात उपस्थिती किती होती. पहिली पसंती जास्त आणि नोंदणी कमी असेल तर त्या विषयाची वेळ किंवा जागांची संख्या चुकली आहे. दुसऱ्या पट्ट्यात आणखी एक तुकडी उघडावी. नोंदणी जास्त आणि उपस्थिती कमी असेल तर वर्गाच्या आधीचा-नंतरचा तास तपासावा. आणि पसंतीच आली नसेल, तर त्या विभागाच्या सहकाऱ्यांबरोबर बसून वर्णन पुन्हा लिहावे आणि पुढच्या सत्रात त्या विषयाला सामाईक काळातील पट्टा देऊन पाहावा. तोपर्यंत तो विषय यादीतून काढण्याची घाई करू नये.